अण्णांनी गाळलेला राजपुत्र

टॅम्पिनीस, सिंगापूर
८ एप्रिल २००३

चि. सौ. सविता हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या ती. सासूबाईंना आणि मामंजींना माझा नमस्कार सांग, आमच्या जावयाला, निशिकांतला, आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. घरात दुसरं कुणी दचकलं तर सांग, कागदाला दोन्ही बाजूंनी कडकडीत इस्त्री केली आहे, पाकिटालाही केली आहे. आमची मैत्रेयी हसली मला. पण इथल्या सार्सच्या साथीच्या बातम्या तिकडे टीव्हीवर कशा दाखवत असतील याची मला कल्पना आहे. सिंगापूरहून आलेला कागद सांगलीत कुणी चिमट्याने उचलला तरी मी नाव ठेवणार नाही. मीसुद्धा हल्ली लिफ्टचं बटण छत्रीच्या टोकाने दाबते.

तुला नववा लागला हे मला दिलीपमामाने फोनवर सांगितलं. मामाने सांगितलं, सवू, तू नाही सांगितलंस. असो. आई-अण्णा नाहीत, म्हणजे हे बाळंतपण माझ्या घरी किंवा माझ्या हातून व्हायचं, आणि मी इथे बसून मामाकडून बातम्या गोळा करतेय. दोन वर्षांपूर्वी तुझ्या लग्नात कन्यादानाला मी आणि शिरीष बसणार होतो, ते दोन पाट रिकामे राहिले आणि आयत्या वेळी मामा-मामींना हाताला धरून बसवावं लागलं. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. मी करते, सासूबाई उचलतात आणि झोपलीय म्हणतात. त्यावर आज भांडत नाही.

मामा म्हणाला, तुमच्याकडे आलेलं पत्र मामंजी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवतात. चांगली पद्धत आहे. म्हणून आज घरचं कमी आणि इतिहासाचं जास्त लिहिते.

शाळा सरकारने बंद ठेवल्या आहेत. मैत्रेयी पंधराची झाली, दिवसभर घरात. अंकुर सहा वर्षांचा, त्याच्या पायाला भिंगरी. त्याला एका जागी बसवता बसवता माझं रक्त आटतं. त्याच्या सगळ्या पँटना मी गुडघ्यापाशी आतून स्पंज शिवलाय. फार पडतो मेला.

मैत्रेयीला शाळेने सुट्टीत प्रोजेक्ट दिला आहे, रशियाच्या रोमानोव्ह घराण्याचा उदय आणि अस्त. प्रश्न मराठीत विचारते, लिहिते इंग्रजीत आणि भांडते सिंगलिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या इंग्रजीत, वाक्याच्या शेपटाला 'ला' लावून. मी म्हटलं, अगं, ही तर अण्णांची गोष्ट. तुला आठवतं ना? दिवे गेले की अण्णा कंदिलाजवळ बसून हीच सांगायचे. देशात बजबजपुरी, गादीवर कुणी नाही, म्हणून सरदार एका मठात गेले, सोळा वर्षांच्या मिखाईलला शोधत. ते पोर रडायला लागलं. त्याची आई म्हणाली, आधीच्या राजांचं तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे, मी माझा मुलगा देणार नाही. शेवटी द्यावा लागला. त्या रडक्या पोराच्या घराण्याने तीनशे वर्षं राज्य केलं. पीटरने दलदलीत राजधानी उठवली, कॅथरीनने काळ्या समुद्रापर्यंत हद्द नेली. अण्णा पट्टीने भिंतीसमोर हवेतच नकाशा काढायचे आणि आपल्याला तो दिसायचा.

आणि शेवट. १९१८, एका घराचं तळघर, राजा, राणी, चार मुली, एक मुलगा. असं का झालं, ते अण्णा बोटांवर सांगायचे. महायुद्ध, पावाचा तुटवडा, शेतकऱ्यांचे हाल, राजाचा हेका. चार बोटं. करंगळीच्या शेजारी येऊन थांबायचे.

मैत्रेयीने लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात पाचवं कारण आहे. त्या एकुलत्या एक मुलाला, अलेक्सेईला, रक्त न गोठण्याचा आजार होता. जेमतेम दीड महिन्याचा असताना बेंबीतून रक्त आलं आणि थांबेना. हा आजार आईकडून येतो. आई स्वतः धडधाकट असते, मुलींना सहसा काही होत नाही, भोगतात ते मुलगे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लेकींनी आणि नातींनी तो असाच नकळत माहेरून सासरी नेला. सख्ख्या बहिणींतसुद्धा एकीत असतो, एकीत नसतो, आणि मुलगा होईपर्यंत कुणालाच कळत नाही.

अण्णा इतिहास शिकवायचे. त्यांनी हे आपल्याला कधीच का सांगितलं नसेल? तू विचार कर. आपल्या नंदूला आठव. तू दोन वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. मी नऊची होते. त्याचा दात पडला होता, एवढंच झालं होतं.

बरं, एक विनंती. मुलगा झाला तर बाराव्या दिवशी त्याचे कान टोचू नका. साथीचे दिवस आहेत, सुई-बिई नकोच. मामंजींना माझ्या नावाने सांग. मी सहसा विनंती करत नाही, हुकूम सोडते, हे तुला माहीत आहे. म्हणून तरी ऐक.

तुझी ताई,
विनीता

ता. क. नाळ पडेल तेव्हा नीट बघ. बेंबीचं वर लिहिलंय ते पुन्हा वाच.


२९ एप्रिल

सवू,

तुझं कार्ड काल मिळालं. 'पत्र मिळालं. मामंजींनी वाचून दाखवलं. इतिहास आम्हाला शाळेत झाला आहे. बारशाला सोनार सांगितला आहे.' खाली नुसतं सविता. ताई हा शब्द कार्डावर कुठेच नाही, दोनदा शोधला.

आणि आज मामाचा फोन. मुलगा झाला, गोरापान आहे, बारसं सोमवारी पाच तारखेला. मामा आनंदाने ओरडत होता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. मैत्रेयीला वाटलं, कुणी गेलं.

हे पत्र मी सरळ लिहिते आहे, मामंजी वाचतील तर वाचोत. नाही, वाचायला नकोत. हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते अजून कळत नाही मला. तू शिकवतेस त्या शाळेतून रजेवर, त्यामुळे तिथे पाठवून उपयोग नाही. मामाकडे पाठवणं म्हणजे गावात दवंडी. आधी लिहून तर काढते.

अंकुरला तो आजार आहे. हिमोफिलिया म्हणतात. तुझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी तो बाथरूममध्ये पडला, ओठ आतून फाटला, आणि दोन दिवस रक्त थांबलं नाही. उशा, टॉवेल, माझा पदर. तोवर त्याला काही झालं नव्हतं. इथे बारशाला कान टोचणारा सोनार मिळाला नाही म्हणून टोचले नव्हते, नाहीतर तेव्हाच कळलं असतं, किंवा तेव्हाच गेला असता. तू मांडवात रिकाम्या पाटांकडे बघत होतीस तेव्हा मी हॉस्पिटलात त्याच्या हातातली सुई धरून बसले होते. तुला सांगितलं काय, तर शिरीषला रजा मिळाली नाही. रजा! तू ते खरं मानलंस आणि माझं तोंड बघायचं सोडलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही सोडलं असतं.

सांगायचं नाही हे शिरीषने ठरवलं. तो वाईट नाही, सवू, घाबरलेला आहे. म्हणतो, मैत्रेयीचं लग्न व्हायचंय, एकदा तोंडातून गेलं की गेलं. इथल्या मराठी मंडळींना आम्ही सांगतो की अंकुरच्या पायात जन्मतः दोष आहे. मागच्या गणपतीत आरतीला घर भरलं होतं. अंकुर आतल्या खोलीत घोटा धरून कण्हत होता आणि मी बाहेर मोदक वाढत सगळ्यांना सांगत होते, झोपलाय. मग मी तुझ्या सासूबाईंना कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

मैत्रेयीच्या पुस्तकात हेच आहे. झार सहकुटुंब शिकारीला गेलेला, खाली पाहुणे, नाटक, मेजवान्या, आणि वर मुलगा वेदनेने किंचाळतोय. राणी खाली हसून बोलायची, मध्येच उठून जिन्याने वर धावायची, परत खाली येऊन हसायची. प्रजेला कळू द्यायचं नाही. का, तर गादीचा वारस दुबळा आहे हे बाहेर गेलं तर गादी जाईल. मग तो बुवा आला, रास्पुतिन. त्याने हात ठेवला की पोराला बरं वाटतं असं राणीला वाटायचं. पण आजारच कुणाला ठाऊक नाही, तेव्हा हा दाढीवाला महालात का येतो हे तरी लोकांना कसं कळणार? लोकांनी राणीबद्दल नाही नाही ते म्हटलं. सांगितलं असतं तर निदान कीव आली असती तिची. युद्ध, पाव, शेतकरी, सगळं खरंच आहे, अण्णा चूक नव्हते. पण शेवटी त्या घराण्याच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही, याला हे झाकून ठेवणंही कारण आहे असं त्या पुस्तकात म्हटलंय. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि मैत्रेयीला म्हटलं, परत देऊन ये लायब्ररीत. ती म्हणाली, आई, ते मी केव्हाच वाचलंय.

अण्णांनी जन्मभर हा धडा शिकवला. त्यांना राजपुत्राचा आजार माहीत नव्हता हे मला पटत नाही. मला वाटतं स्वतःचा मुलगा, आपला नंदू, तसाच गेल्यावर त्यांना कळलं, कुठेतरी वाचनात आलं, आणि त्यांनी तो मुलगा गोष्टीतून गाळला. आई म्हणत राहिली, दृष्ट लागली, आणि अण्णांनी तिला तसंच म्हणू दिलं. दोन मुली उजवायच्या होत्या ना. शिरीषला अण्णा फार आवडायचे. का ते मला आता कळतंय.

तर तुझ्यात असेल किंवा नसेल. नाणं उडवल्यासारखं आहे. तुझ्यात असलं तरी बाळात येईलच असं नाही. पण सोनाराने सुई घालून ते बघायचं नाही, सवू. रक्ताची तपासणी असते. मिरजेत मोठाले डॉक्टर आहेत, तिथे ने.

शिरीष सध्या बेडरूममध्ये बंद आहे. त्याच्या बँकेत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ताप आला, म्हणून सरकारने याला घरीच क्वारंटाइन केलंय. दारात कॅमेरा लावून गेलेत. कधीही फोन येतो, मग याने तोंड दाखवायचं. फोन अडवून ठेवायचा नाही अशी ताकीद आहे. मी ताट दाराशी ठेवते आणि अंकुरला दुसऱ्या खोलीत कोंडून ठेवते. शिरीषने दारातून विचारलं, कुणाला लिहितेयस? मी म्हटलं, वाण्याची यादी.

पोस्टात विचारलं. विमानं कमी झालीत, सोमवारपर्यंत पत्र पोचेल याची कुणी हमी देत नाही. म्हणजे फोनच करायला हवा. आणि फोनवर हे सांगायचं म्हणजे सासूबाईंनाच सांगायचं, बाळंतिणीच्या सासूला, की तुमच्या सुनेने माहेरून काय आणलंय. तुला त्या घरात पुढे जन्म काढायचाय. ओली बाळंतीण तू, तुला कुणी घराबाहेर काढलं तर मी इथून काय करू शकते?

उद्या करते फोन. नक्की करते.

ताई


५ मे, रात्र

सवू,

आधीचं पत्र पिठाच्या डब्याखाली तसंच आहे. हे का लिहितेय माहीत नाही. बोलायला कुणी नाही आणि हाताला काही काम हवंय.

तीस तारखेला फोन करणार होते. सकाळीच अंकुर कॉटवरून उतरताना लचकला आणि दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. त्याला रक्त गोठवणारं फॅक्टरचं इंजेक्शन लागतं, ते हॉस्पिटलात मिळतं, आणि हॉस्पिटल म्हटलं की सध्या माणूस रस्ता बदलतो. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही, दोन जिने उतरून लिफ्टपाशी जावं लागतं. एरवी शिरीष उचलतो. तो दाराआड. त्याने आतून हाका मारल्या, मी येतो, कॅमेऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मी म्हटलं, तुला ताप निघाला तर पोराला तोही द्यायचाय का? मीच उचलला. सवू, ते पुस्तक वाचायला नको होतं. शेवटच्या रात्री झारचा मुलगा चालू शकत नव्हता, बाप त्याला कडेवर घेऊन तळघराचा जिना उतरला. मी पायऱ्या उतरत होते आणि दुसरं काही सुचत नव्हतं. अंकुर कानाशी म्हणत होता, आई, हळू ला, हळू.

हॉस्पिटलच्या दारात तंबूत सगळ्यांचा ताप बघत होते. डॉक्टर-नर्सेसचे नुसते डोळे दिसत होते, बाकी सगळं झाकलेलं. ताप निघाला तर मुलाला वेगळं ठेवणार, आईला आत सोडणार नाहीत, असं कुणीतरी रांगेत म्हणालं. मी रामरक्षा म्हणायला लागले आणि मधल्याच ओळी विसरले. ताप नव्हता. तरी चार दिवस ठेवून घेतलं. तिथल्या फोनवरून तुझ्याकडे लावला, दोनदा एंगेज, एकदा कुणीतरी उचलून 'हॅलो हॅलो' करत ठेवून दिला. मला आतून थोडं बरंच वाटलं, की आज नाही सांगावं लागलं. अशी मी आहे.

काल घरी आलो. आज सोमवार. सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. तिकडे अजून उजाडतंय, आता आंघोळी, आता बायका जमल्या असतील. मैत्रेयी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोन हातात दिला आणि म्हणाली, "आई, तू नाही केलास तर मी करते. माझं मराठी वाईट आहे, पण हे जमेल."

मी नंबर फिरवला. सासूबाईंनी उचलला. मागे पाळणा चालला होता, बायकांचे आवाज, भांडी. त्यांनी झोपलीय म्हणायच्या आत मी सुरू केलं.

"सविताला बोलावू नका, तुम्हीच ऐका. बाळाला सुई लावू देऊ नका. आमच्या घरात मुलग्यांचं रक्त थांबत नाही. माझा भाऊ त्यानेच गेला. माझ्या मुलाला तेच आहे, हिमोफिलिया म्हणतात. सविताला यातलं काही ठाऊक नाही, मी लपवलं. तिला बोल लावू नका, मला लावा."

मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाल्या, "आज सांगताय?"

एवढंच. रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. त्यांनी तो जागेवर ठेवला नव्हता. मला तुमचं सगळं घर ऐकू येत होतं. पाळण्याची ओळ अर्ध्यावर थांबली. कुणीतरी काय झालं म्हणालं. आणि बाळ रडलं. सवू, ते भुकेचं रडणं नव्हतं. दोन मुलं वाढवली आहेत मी, सुई टोचल्यावरचं रडणं मला कळतं. मी अहो, अहो म्हणून ओरडत राहिले आणि लाइन गेली.

मागे वळले तर बेडरूमचं दार बंदच होतं, पण शिरीष दाराला लागून उभा असणार, खालच्या फटीतून पाय दिसत होते. आतून म्हणाला, "सांगितलंस?"

मी म्हटलं, "हो."

मी वाट बघत होते की आता ओरडेल. तो म्हणाला, "परत लाव."

लावतेय. दुपारपासून लावतेय, नुसती घरघर येते. मध्ये एकदा फोन वाजला, मी झडप घातली, तर क्वारंटाइनवाली बाई. इतका वेळ फोन एंगेज का, म्हणून झापलं तिने, आणि शिरीषला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तो दार उघडून उभा राहिला, मास्क लावून, डोळे पुसत. तिने विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना? तो म्हणाला, फाइन, फाइन.

तुमच्याकडे आता दिवेलागण झाली असेल. तुमच्या घरात काय चाललंय मला माहीत नाही. तू बाळाला मांडीवर घेऊन बसली आहेस की तुला माजघरात उभं करून जाब विचारतायत, माहीत नाही. त्या लहानग्याचं नावही मला माहीत नाही. देवाला काय म्हणून सांगू, कुणाला वाचव म्हणून?

मैत्रेयी प्रोजेक्टच्या चार्टवर वंशवृक्ष काढतेय. ज्या मुलग्यांना आजार होता त्यांची नावं लाल पेनने. मी म्हटलं, दुसरा रंग घे. तिने निमूटपणे हिरवा घेतला.


२ जून २००३

सवू,

फोनवर तू रडतेस, मग मी रडते, मिनिटं जातात आणि कामाचं काही बोलणं होत नाही. म्हणून लिहिते. डब्याखालची दोन्ही पत्रंही सोबत घातली आहेत. शिळी आहेत, पण तुझीच आहेत.

तुझा पहिला फोन आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिरजेच्या हॉस्पिटलजवळच्या बूथवरून, मागे रिक्षांचे हॉर्न. तू म्हणालीस, "उजवा झाला होता, ताई. डाव्याला सुई लावणार, इतक्यात सासूबाईंनी सोनाराचा हात धरला." मी विचारलं, रक्त? तू म्हणालीस, रात्रभर कापूस बदलला, पहाटे निघालो, इथे डॉक्टरांना आजाराचं नाव सांगता आलं म्हणून त्यांनी ताबडतोब काय ते चढवलं, आता थांबलंय. मग म्हणालीस, "दोन वर्षं काय करत होतीस?" आणि ठेवलास. बरोबर केलंस. पण ताई म्हणालीस, ते मी ऐकलं.

बाळाचा रिपोर्टही तोच आला. वाटलंच होतं, तरी तू फोनवर वाचून दाखवलास तेव्हा मी तो पुन्हा वाचायला लावला. आता ऐक. अंकुरच्या डॉक्टरांकडून सगळं लिहून आणलंय: काय द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, कुठली औषधं घरात ठेवायचीसुद्धा नाहीत. लस टोचताना सांगायचं. रांगायला लागला की गुडघ्यांना स्पंज. तशा पँट मी शिवून आणतेय, अंकुरच्या लहानपणीच्या मापाने. तू घाबरशील. रोज घाबरशील. मी अजून घाबरते. पण अंकुर सहा वर्षांचा आहे, आणि काल त्याने माझ्या नाकावर टिच्चून सोफ्यावरून उडी मारली. त्याला धपाटा घालावासा वाटला, तोही घालता येत नाही.

मामंजी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत हे कळलं. आणि मग त्यांनी माझं ते इस्त्रीचं पत्र पुन्हा काढून वाचलं, या वेळी मनातल्या मनात, आणि पत्र घडी करून तुझ्या उशाशी ठेवलं, हेही तू सांगितलंस. त्यांना माझा नमस्कार. चूक त्यांची नव्हती. मी साधं सरळ लिहायच्या ऐवजी रशियाला वळसा घालून आले.

शिरीष क्वारंटाइनमधून बाहेर आला तो दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. तिसऱ्या दिवशी मराठी मंडळाचे लोक अंकुरला बघायला आले. नेहमीप्रमाणे कुणीतरी पायाचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शिरीषनेच सांगितलं, आजाराच्या नावासकट. कुणीतरी चहाचा कप तसाच खाली ठेवला. माझी नजर मैत्रेयीकडे. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "माझ्यातही असेल ना?" मी म्हटलं, असेल कदाचित, तपासून घेऊ. म्हणाली, "मग जो कोण मुलगा येईल त्याला मीच आधी सांगेन ला. पळणारा पळेल." पंधरा वर्षांची पोर. अण्णांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. तिचा प्रोजेक्ट दिला एकदाचा. त्यात कारणं पाच आहेत.

परवा सिंगापूर सार्सच्या यादीतून निघालं. तिकिटं काढली आहेत, मी आणि अंकुर, चौदा तारखेला. त्याचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून आणतेय. तिकडे कुणी त्याला काय झालंय विचारलं तर तो स्वतःच सांगेल, त्याला पाठ झालंय.

तू म्हणालीस, बारसं त्या दिवशी मोडलं ते मोडलंच, पोराला अजून सगळे बाळ म्हणतात. आणि सासूबाई म्हणाल्या की नाव आत्याने सांगायचं असतं, पण या वेळी मावशी येईल आणि सांगेल, डाव्या कानात. तो कान आता कुणी टोचणार नाही. मी तीन वेळा तुझ्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं, लाइन खराब आहे असं सांगून. लाइन उत्तम होती.

नाव तू आणि निशिकांत मिळून ठरवा. मला आधी सांगू नका.

तुझी ताई

ता. क. या पत्राला इस्त्री केलेली नाही. मामंजींना म्हणावं, सगळ्यांना बसवा आणि मोठ्याने वाचा.